मगर घोरपडीला जवळची की कबुतराला?

तुमचा प्रश्न वाचला. मुलगी अकरावीत आहे. तिच्या पुस्तकात मगर, साप, पाल आणि कासव एका वर्गात बसवले आहेत आणि पक्षी वेगळ्या वर्गात. एका व्याख्यानात तिने ऐकले की मगर ही पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे. आता ती विचारते आहे की खरे कोणाचे मानायचे. तुम्हाला पडलेला प्रश्न त्याहून मोठा आहे. हे वर्ग माणसांनीच पाडलेले, दर थोड्या वर्षांनी बदलणारे. मग त्यांच्यावरून उत्क्रांतीबद्दल काही सिद्ध होते असे कसे म्हणायचे? आणि शेवटी, परीक्षेत काय लिहायचे?

आधी सरळ उत्तर देतो. व्याख्यानात सांगितले ते बरोबर आहे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरी-सुसरींचे सर्वांत जवळचे नातेवाईक पक्षी आहेत. घोरपड, पाल, साप हे त्यांच्या मानाने दूरचे. पुस्तकातली विभागणी निरुपयोगी नाही, पण ती नात्याची विभागणी नाही. तुमचा खरा गुंता इथेच आहे. ‘कोण कोणासारखे’ आणि ‘कोण कोणाचे’ हे दोन प्रश्न आपण एकच समजून चालतो. मी बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षे घालवली, आणि नव्या मुलांपुढे हे दोन प्रश्न सुटे करून ठेवणे हे दरवर्षी माझे पहिले काम असे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जवळचे नाते म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुलवृत्तांतावरून चटकन कळते. समजा, एका गावात दोन भाऊ होते. थोरल्याचा वंश गावातच राहिला. धाकट्याला दोन मुलगे झाले. त्यातला एक गावात शेती करत राहिला, दुसरा गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आला. चार-पाच पिढ्यांनंतर पाहिले तर गावातली दोन्ही घरे सारखी दिसतात. तीच बोली, तोच पेहराव, तेच जेवण. बडोद्याच्या घरातली मुले मात्र मराठीत गुजराती मिसळून बोलतात आणि त्यांच्या आमटीत गूळ जास्त असतो. तरीही कुलवृत्तांत लिहिणारा गावातली दोन घरे एका फांदीवर आणि बडोद्याचे घर दुसऱ्या फांदीवर कधीच दाखवणार नाही. गावात राहिलेल्या त्या मुलाच्या वंशाला सगळ्यात जवळचे घर बडोद्यातलेच, कारण त्या दोघांचा बाप एक. थोरल्याच्या घराशी गाठ पडते ती एक पिढी आणखी मागे गेल्यावर. मगर म्हणजे गावात राहिलेले घर, पक्षी म्हणजे बडोद्याला आलेले, आणि पाली-घोरपडी-साप हे थोरल्याचे घर. पेहराव बदलला तो पक्ष्यांनी. त्याने नाते तुटत नाही.

म्हणजे नाते मोजायचे ते शेवटचा सामाईक पूर्वज किती मागे सापडतो यावरून. मगरी आणि पक्षी यांच्या वाटा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. या दोघांचा एकत्र वंश आणि पाली-सापांचा वंश त्याच्याही आधी, साधारण २८ कोटी वर्षांपूर्वी दुभंगला. तेव्हा ‘जवळची’ हा शब्द तुलनेनेच घ्यायचा. कालपरवाचे नाते नाही हे. आणखी एक गैरसमज इथेच दूर करून टाका, कारण मुले हमखास त्यात अडकतात. मगरीपासून पक्षी झाले असे कोणी म्हणत नाही. बडोद्याच्या विश्वामित्री नदीतली आजची मगर आणि तिथल्या मांडवी दरवाज्यावरचे आजचे कबूतर दोघेही त्या पूर्वजापासून सारख्याच वर्षांचा प्रवास करून इथवर आले आहेत. तो पूर्वज ना मगर होता ना पक्षी. त्याच्या वंशाला आर्कोसॉर म्हणतात. या वंशाच्या एका बाजूला मगरी आहेत. दुसऱ्या बाजूला डायनोसॉर, आणि त्यांच्यातल्याच एका फांदीवर पक्षी. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला ज्याची हाडे सापडली तो राजासॉरस हा डायनोसॉर मगरीपेक्षा कबुतराला जवळचा.

आता कठीण भाग. हे कळते कसे? कुलवृत्तांतात नावे कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. इथे लिहिलेले काही नाही, फक्त आज दिसणारी शरीरे आहेत, थोडे जीवाश्म आहेत आणि पेशींतला डीएनए आहे.

प्रात्यक्षिकाच्या वेळी मी टेबलावर घोरपड, मगर आणि कबूतर यांचे सांगाडे ठेवून विचारत असे की यातली जोडी कोणती. बहुतेक जण मगर आणि घोरपड एकत्र करत आणि कारणे धडाधड सांगत. दोघींना खवले आहेत, चार आखूड पाय आहेत, लांब शेपूट आहे, रक्त थंड आहे. मग मी पुढचा प्रश्न विचारी की यातले नवे काय आहे. चार पाय आणि शेपूट मांजरालाही आहे. थंड रक्त बेडकाचेही आहे आणि रोहू माशाचेही. म्हणजे या साऱ्या गोष्टी मगर, घोरपड आणि कबूतर या तिघांच्या पूर्वजांकडे आधीपासून होत्या. मगर आणि घोरपड यांनी त्या फक्त जपल्या. जुना ठेवा दोघांकडे शिल्लक राहिला म्हणून ते दोघे एकमेकांना जास्त जवळचे ठरत नाहीत. तिसऱ्याने तो टाकला, एवढाच त्याचा अर्थ. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली हा नियम नीटपणे मांडला. नाते ठरवताना फक्त तीच साम्ये धरायची जी त्या दोघांच्या सामाईक पूर्वजात नव्याने आली आणि बाहेरच्या कोणाकडे नाहीत. माझ्या मते विसाव्या शतकात जीवशास्त्रात जी मोठी वैचारिक कामे झाली त्यांत याचे स्थान फार वरचे आहे, आणि शालेय पुस्तकांत त्याचा मागमूस नसतो याची मला खरोखर खंत वाटते. मुले वर्गांची नावे पाठ करतात, पण ती कशाच्या आधारावर ठरली हे त्यांना कोणी विचारायला लावत नाही.

तुमच्या मुलीच्या पुस्तकातच एक धागा आहे. सरीसृपांचे हृदय सहसा तीन कप्प्यांचे, मगरीचे मात्र चार कप्प्यांचे, अशी ओळ तिने वाचलीच असेल. मुले ती अपवाद म्हणून घोकतात. पण पक्ष्यांचे हृदयही चार कप्प्यांचे असते. मग हा अपवाद आहे की नात्याची खूण? इथे घाई करायची नाही, कारण चार कप्पे आपल्यालाही आहेत, आणि आपला सस्तन प्राण्यांचा वंश तर या सगळ्यांपासून तीस कोटी वर्षांहूनही आधी वेगळा झाला. म्हणजे चार कप्पे किमान दोनदा, स्वतंत्रपणे घडले असणार. हे नुसते सोयीचे गृहीतक नाही. शरीरात त्याची खूण आहे. हृदयातून निघणारी मुख्य धमनी आपल्यात डावीकडे वळते, पक्ष्यांत उजवीकडे. घर चार खोल्यांचेच, पण बांधणारा वेगळा. मगरीत दोन्ही बाजूंच्या धमन्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक लहानसे छिद्रही असते, ज्यामुळे पाण्याखाली दम धरून असताना रक्ताचा मार्ग बदलता येतो. तेव्हा हृदय हा पुरावा आहे, पण त्याचे वजन तपासून घ्यावे लागते.

फुप्फुसांची गोष्ट याहून बोलकी आहे. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. आपल्यासारखी आत-बाहेर त्याच वाटेने जात नाही. २०१० साली दाखवून देण्यात आले की अमेरिकी ॲलिगेटरच्या फुप्फुसांतही हवा अशीच एका दिशेने वाहते. मगरी आणि पक्षी यांच्या नात्याला आणखी एक दुजोरा मिळाला असे सर्वांना वाटले. पण २०१३ साली आफ्रिकेतल्या एका घोरपडीतही तसाच प्रवाह सापडला. म्हणजे हे वैशिष्ट्य बहुधा आणखी जुने, थोरल्या आणि धाकट्या दोन्ही घरांचे असावे. त्या दिवसापासून मगर आणि पक्षी यांचे नाते सिद्ध करायला हवेची दिशा वापरता येत नाही. निष्कर्ष मात्र हलला नाही, कारण तो एकाच खांबावर उभा नव्हता. जुन्या मगरींच्या आणि डायनोसॉरांच्या कवट्यांत नाकपुडी आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये एक जास्तीचे छिद्र असते आणि खालच्या जबड्यातही एक. पहिले छिद्र आजच्या मगरींत बुजले, जबड्यातले टिकून आहे. हे घोरपडीच्या घराण्यात नव्हतेच. मग डीएनए. २०१४ साली ॲलिगेटर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि आपली लांब तोंडाची सुसर या तिघांचे पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाले, आणि त्याच वेळी ४८ पक्ष्यांचेही. जनुकांची तुलनाही मगर आणि पक्षी यांनाच एकत्र बसवते.

वागणूकही विसरू नका, जरी ती मी दुय्यम पुरावा म्हणूनच धरतो. आपल्या विश्वामित्रीच्या काठावर मगरीची मादी उन्हाळ्यात खड्डा करून अंडी घालते आणि साधारण दोन महिने त्याच्या आसपास राहते. पिल्ले अंड्यातूनच आवाज देऊ लागली की ती माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. घोरपड अंडी पुरून निघून जाते. अंड्याच्या आतून आईला हाक मारणारे पिल्लू कोंबडीचेही असते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर साम्ये तीन प्रकारची. जुन्या ठेव्यातली, ती नात्याबद्दल काही सांगत नाहीत. स्वतंत्रपणे घडलेली, ती फसवतात. आणि सामाईक पूर्वजात नव्याने आलेली, तीच कामाची. कुठले साम्य कुठल्या प्रकारचे, हे ओळखण्यातच या शास्त्राची निम्मी मेहनत जाते.

दिसणे किती फसवे असते याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. चिचुंद्री सर्वांना उंदराची बहीण वाटते. मोरीपाशी रात्री फिरते, लांब तोंड, बारीक डोळे, शेपूट. पण तिचे दात पाहिले तर उंदरासारखे कुरतडणारे नाहीत. किडे पकडायचे बारीक टोकदार दात आहेत. आणि जनुके तर अशी की चिचुंद्री ही उंदरापेक्षा घोडा, वाघ, वटवाघूळ यांच्या फांदीवर येते. उंदराचा नातेवाईक शोधायचा असेल तर आरशात पाहा. उंदीर आणि माणूस हे सस्तन प्राण्यांच्या एकाच मोठ्या फांदीवर आहेत, चिचुंद्री दुसऱ्या. वर्गात हे सांगितले की सगळे आधी हसायचे, आणि मग शांतपणे दातांचा नमुना पुन्हा हातात घ्यायचे. तो क्षण मला फार आवडायचा.

तरस कुत्र्यासारखे दिसते, पण ते मांजर आणि मुंगूस यांच्या फांदीवरचे. ससाणा आणि घार दोन्ही शिकारी, वाकड्या चोचीचे, तीक्ष्ण नखांचे. पण २००८ सालच्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासापासून हे पक्के होत गेले की ससाणा घारीपेक्षा पोपटाला जवळचा आहे. बिनपायांचे लांब शरीर तर कितीतरी वेळा स्वतंत्रपणे घडले आहे. पश्चिम घाटातले देवगांडूळ हे बेडकांच्या बाजूचे उभयचर आहे आणि वाळा हा साप आहे. मातीत दोघे शेजारी सापडले तर नवखा माणूस दोघांनाही गांडूळच म्हणेल.

आता तुमचा मोठा प्रश्न. वर्ग माणसांनीच पाडले ना? होय, नावे आणि पायऱ्या माणसांनी पाडल्या. ‘वर्ग’ किंवा ‘कुल’ या पायरीचे काही माप निसर्गात ठेवलेले नाही. वड, पिंपळ, उंबर यांच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द एकच, फायकस, आणि त्या एका नावाखाली आठशेहून जास्त जाती आहेत. होमो या नावाखाली आज जिवंत जात एकच, आपली. कुणी उद्या फायकसचे चार भाग केले तर वडाचे काही बिघडत नाही. पण वड आणि पिंपळ यांचा सामाईक पूर्वज कधीतरी होता की नव्हता, आणि तो फणसाशी असलेल्या सामाईक पूर्वजाच्या आधीचा की नंतरचा, हे कुणाच्या मर्जीवर नाही. ती घडून गेलेली गोष्ट आहे. आपण ती बरोबर ओळखतो किंवा चुकतो. फांद्या निसर्गाच्या, फांद्यांवरच्या पाट्या आपल्या.

आणि आपण बरोबर ओळखले की नाही हे तपासता येते. दहा प्राणी घेतले तर त्यांचा वंशवृक्ष ३,४४,५९,४२५ वेगवेगळ्या प्रकारे काढता येतो. हाडांवरून एकाने काढलेला वृक्ष आणि त्याची काहीच माहिती नसलेल्या दुसऱ्याने एका प्रथिनावरून काढलेला वृक्ष निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, याचा अंदाज यावरून येईल. प्रत्यक्षात ते मोठ्या प्रमाणावर जुळतात. जिथे जुळत नाहीत तिथे काम सुरू होते. प्राणी खरोखरच एका वंशातून फुटत आलेले नसते, तर हे जुळण्याचे काहीच कारण नव्हते. तुमच्या शंकेचे माझ्याकडचे सर्वांत जोरकस उत्तर हेच आहे. वर्गांच्या नावांवरून उत्क्रांती सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या वाटांनी निघालेले पुरावे एकाच वृक्षापाशी येऊन भेटतात, त्यावरून होते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या बडोद्यातल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात आहे. तिथल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे मुलीला जरूर उभे करा. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७३५ साली देवमासे माशांत घातले होते. १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत त्याने स्वतःच ते सस्तन प्राण्यांत हलवले. डार्विनचा उत्क्रांतीचा ग्रंथ आला १८५९ साली, म्हणजे याच्या शंभर वर्षे नंतर. लिनियस उत्क्रांतीवादी नव्हता. शरीर नीट पाहिले म्हणून त्याला हे दिसले. पुढचा प्रश्न होता की सस्तनांत देवमासा कोणाचा. १९९०च्या दशकात जनुकांनी उत्तर दिले की पाणघोड्याचा, म्हणजे गाय, शेळी, हरीण, डुक्कर या समखुरी प्राण्यांच्या घरातलाच. जीवाश्म तपासणारे ते मानायला तयार नव्हते, कारण दातांवरून त्यांना देवमाशांचे पूर्वज एका वेगळ्याच, नामशेष झालेल्या मांसाहारी गटात दिसत होते. दोन्ही बाजूंची माणसे जाणकार होती. २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन, अजून पाय असलेल्या देवमाशांचे घोट्याचे हाड हाती आले. समखुरी प्राण्यांच्या घोट्याच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते, इतर कोणाच्या नाही. खाटकाकडून शेळीचा पाय आणून पाहा, हाताला लागेल. त्या प्राचीन देवमाशांच्या घोट्यातही अगदी तेच हाड निघाले. जीवाश्मवाल्यांनी आपले मत बदलले.

आणि या कथेचे मोठे पुरावे आपल्याच भागात आहेत, हे मुलांना सांगायलाच हवे. कच्छमध्ये चार कोटी वर्षांहून जुन्या खडकांत कुचिसेटस हा पायांचा, लांब तोंडाचा देवमासा सापडला. २००० साली त्याचे वर्णन झाले, आणि नावातच कच्छ आहे. २००७ साली जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या इंडोह्यस या मांजराएवढ्या प्राण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिसायला तो छोट्या हरणासारखा, पण त्याच्या कानाच्या हाडाला जी जाड कड आहे ती देवमाशांची खास खूण.

मग वर्गीकरण सारखे का बदलते? काही बदल खऱ्या नव्या माहितीमुळे होतात. १९६९ सालची सगळ्या सजीवांची पाच सृष्टींतली विभागणी अजून पुस्तकांत आहे. पण १९७७ साली कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी दाखवले की जिवाणूंसारखे दिसणारे आर्किया हे मुळात वेगळेच घराणे आहे, आणि १९९० साली तीन अधिक्षेत्रांची, म्हणजे सृष्टीच्याही वरच्या तीन गटांची, मांडणी पुढे आली. बुरशी आणि अळंबी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची, हेही आता पक्के आहे. काही बदल मात्र निव्वळ नावाच्या व्यवस्थेचे असतात. आपली बाभूळ घ्या. तिचे अकेशिया हे शास्त्रीय नाव जिथे तिथे लावले जात होते, पण त्या सगळ्या झाडांचा एक वंश नाही हे दिसून आले. मग नाव कोणाकडे ठेवायचे, यावर २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत निर्णय झाला आणि ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेले. आपली बाभूळ झाली वॅचेलिया निलोटिका. तिचे काटे, शेंगा आणि डिंक होते तसेच आहेत. वंश वेगळे आहेत हा शोध, आणि नाव कोणाला द्यायचे हा ठराव. बदल ऐकला की तो यातला कुठला, एवढे आधी विचारायचे.

काही ठिकाणी वृक्षाची कल्पनाच अपुरी पडते हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. जिवाणू एकमेकांत जनुकांची देवाणघेवाण करतात, वनस्पतींत दोन जातींचा संकर होऊन नवी जात उभी राहते. तिथे फांद्या फुटतात तशा पुन्हा एकमेकींत मिसळतातही. एक जात कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते याचे उत्तरही कोणता जीव आहे त्यावर अवलंबून असते. मगरींच्या बाबतीत ही अडचण जवळजवळ नाही, जिवाणूंच्या बाबतीत ती रोजची आहे.

परीक्षेचे सांगतो. तिथे पुस्तकाप्रमाणेच लिहावे. मगर सरीसृप वर्गात, हृदय चार कप्प्यांचे. पेपर तपासणाऱ्याशी वाद घालण्याची ती जागा नाही, आणि पुस्तकातल्या विभागणीचा व्यवहारात उपयोगही आहे. पावसाळ्यात विश्वामित्री फुगली की लोकांचे फोन येतात, सोसायटीत मगरीचे पिल्लू शिरले आहे म्हणून. बऱ्याचदा ती घोरपड निघते. ऑगस्ट २०२४च्या पुरात मात्र वस्त्यांत खरोखरच मगरी शिरल्या होत्या. अशा वेळी वन विभागाला, प्राणी सोडवणाऱ्या स्वयंसेवकांना आणि घाबरलेल्या शेजाऱ्यांना ‘सरपटणारा प्राणी’ एवढे सांगितलेले पुरते. नात्याचा प्रश्न आला की मात्र तो गट अपुरा ठरतो. मगर, पाल, साप, कासव यांचा जो सामाईक पूर्वज, त्याचेच वंशज पक्षीही आहेत. त्यांना वगळून काढलेली फांदी अर्धी तोडलेली असते. बारावीत उत्क्रांतीचे प्रकरण येईल तेव्हा मुलीला ही गोष्ट उपयोगी पडेल.

तोवर तिला एक काम द्या. सहा चिठ्ठ्यांवर मांजर, कासव, घोरपड, नाग, मगर आणि कबूतर लिहा आणि तिला वंशवृक्ष काढायला सांगा. प्रत्येक फाट्यापाशी तिने कारण लिहायचे, आणि ते साम्य वरच्या तिन्हींपैकी कुठल्या प्रकारचे तेही. उत्तर तुमच्यापुरते देऊन ठेवतो. मांजर सगळ्यात आधी वेगळे होते. घोरपड आणि नाग एकत्र येतात. इथे ती अडखळेल, कारण एकीला पाय आहेत आणि दुसऱ्याला नाहीत. पण घोरपड भिंतीवरच्या पालीपेक्षाही नागाला जवळची आहे. मगर आणि कबूतर एकत्र. राहिले कासव. त्याच्या कवटीत कानशिलापाशी छिद्रे नाहीत म्हणून ते फार पूर्वीच वेगळे झालेले घराणे मानले जात होते. जनुके मात्र त्याला मगर आणि कबूतर यांच्या शेजारी बसवतात, म्हणजे ती छिद्रे पूर्वजांत होती आणि कासवांत बुजली. तिने कासव दुसरीकडे ठेवले तर लगेच दुरुस्त करू नका. छिद्रे नसणे हा जुना ठेवा आहे की नंतर झालेला बदल, एवढेच तिला विचारा आणि ती काय म्हणते ते मला कळवा.